चित्र जाते आणि येते

बिघडलेली वस्तू आणि मधूनमधून बिघडणारी वस्तू यांत फार मोठे अंतर आहे. पहिली सरळ वृत्तीची असते. दिवा लागत नाही, घड्याळ थांबले आहे, पंप पाणी उचलीत नाही. माणूस बोलवावा, तुटलेला भाग बदलावा, पैसे द्यावेत, प्रकरण मिटले. दुसरीचे तसे नाही. ती आपल्यासमोर बिघडते आणि दुरुस्ती करणारा दारात आला की शहाण्या मुलासारखी वागू लागते. मिस्त्री येतो, पाच मिनिटे पाहतो, "चांगला चालतोय की हो," असे म्हणतो आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन जातो. त्याची फटफटी कोपऱ्यावर वळते न वळते तोच चित्र पुन्हा नाहीसे होते. आमचे बालपण कारवारकडील कोंकणी घरात गेले. तेथे आमचे आजोबा अशा दुखण्यास 'येता-वता' म्हणत. थंडीताप असो, विहिरीवरील मोटर असो वा माजघरातील दूरदर्शन संच असो, 'येता-वता' हे निदान एकदा झाले की त्यांच्या मते पुढे काही करावयाचे उरत नसे. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच मानीत होतो. आता मानीत नाही. आणि हे मत का बदलले ते येथे मांडावयाचे आहे. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचीही कबुली आहे, ती सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

मादन हिप्परग्यासारख्या गावी बसून जुन्या दूरदर्शन संचाविषयी लिहिणे कोणास विचित्र वाटेल. तथापि या विषयावर आपल्या जिल्ह्याचा हक्क इतरांहून अधिक आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने उपग्रहाद्वारे खेड्यांना शिक्षण देण्याचा प्रयोग केला. अमेरिकेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर मागून घेतला होता. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो आपल्या देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना थेट चित्रे पाठवीत असे. त्या सहा राज्यांत कर्नाटक होते आणि कर्नाटकातील निवडलेल्या भागांत तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची एक थाळी गावातील सार्वजनिक इमारतीपाशी उभी करीत आणि आत शाळेत किंवा पंचायत घरात संच ठेवीत. हे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तयार केलेले होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी कार्यक्रम असत. आपल्या बाजूस ते कन्नड भाषेत येत. वर्ष संपल्यावर उपग्रह परत गेला, परंतु १९७७ मध्ये गुलबर्ग्यास जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. मुंबईस दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले होते, आणि राजधानी बेंगळुरूस ते यावयास १९८१ साल उजाडावे लागले. म्हणजे राजधानीच्या आधी आपल्या भागातील खेडुतांनी चालते चित्र घरच्या अंगणात पाहिले. ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिली.

त्या दिवसांची आठवण असलेली माणसे गावोगाव आहेत. त्यांच्याशी बोलताना कार्यक्रमापेक्षा बिघाडांच्याच गोष्टी अधिक निघतात, हे आम्हास फार गमतीचे वाटते. अँटिनावर कावळा बसला की मुंग्या येत. वाऱ्याने नळ फिरला की एकजण माळवदावर चढे, दुसरा खिडकीत उभा राही आणि तिसरा आतून ओरडे, "आलं, आलं, गेलं, थोडं मागं घे!" निवडक्या गाडीची वेळ झाली की चित्र चारी बाजूंनी आकसे, कारण त्याच वेळी शिवारातील मोटारी सुरू होऊन विजेचा दाब उतरलेला असे. एका घरी तर वाहिनी बदलण्याच्या खटक्याखाली आगकाडी खुपसून ठेवलेली होती. ती काढली की चित्र जाई, म्हणून ती आगकाडी दसऱ्याच्या साफसफाईतही कोणी हलवीत नसे. या सर्व गोष्टींना एक कारण आहे आणि ते शोधता येते, आगकाडीचेही. खटक्याच्या आत पितळेचे लहान संपर्क असतात. त्यांवर मळ आणि गंज चढला की ते एकमेकांस नीट टेकत नाहीत. आगकाडीने खटका जरा तिरपा राही व संपर्क टेके, इतकाच त्यातील चमत्कार. संपर्क पुसले असते तर आगकाडीची गरज उरली नसती.

आता आमच्या शाळेतील संचाकडे येऊ. लाकडी पेटीचा, पुढे सरकती झडप असलेला, कृष्णधवल, एक्कावन्न सेंटिमीटर पडद्याचा हा संच सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. एका माजी विद्यार्थ्याच्या कुटुंबाने घर पाडून नवे बांधताना तो शाळेस दिला. तो कित्येक दिवस कोठाराच्या खोलीत नकाशांच्या गुंडाळ्यांखाली पडून होता. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी तो बाहेर काढला. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची प्रक्षेपणे आता जवळजवळ सर्वत्र बंद झाली आहेत, म्हणून अँटिना लावून काही दिसण्याची आशा नव्हती. अशा संचाला अँटिनाखेरीज दुसरे तोंडच नसते. तेव्हा मॉड्युलेटर नावाची एक लहान डबी मधे बसवून, सेट टॉप बॉक्सचे चित्र अँटिनाच्या वाटेने आत सोडावे लागले. नववीतील एका विद्यार्थ्याने हे सारे जुळविले. त्याचे वडील शेतमजुरी करतात. मुलाचे हात चांगले आहेत, बोलणे कमी आहे. त्याचे नाव येथे लिहिणे योग्य नाही.

संच चालू झाला तेव्हा सारी शाळा जमली. अर्धा तास उत्तम चित्र दिसले. नंतर एकाएकी चित्र मिटले आणि पडद्याच्या मध्यभागी आडवी, डोळे दिपविणारी अशी एकच पांढरी रेघ उरली. आवाज मात्र चालूच. पाच-सात क्षणांत चित्र परत उघडले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि प्रत्येक वेळी तो मुलगा संचाजवळ उभा. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर चित्र गेले तेव्हा आम्ही त्यास सर्वांदेखत रागे भरलो. "मागे हात घालतोस काय? खेळ वाटला काय तुला?" तो म्हणाला, "सर, मी हात लावला नाही." आम्ही म्हणालो, "तू जवळ आलास की जाते आणि दूर गेलास की येते. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे." आणि त्याला प्रदर्शनाच्या कामातून काढून टाकले.

वाचकहो, आम्ही पाहिले ते खोटे नव्हते. तो जवळ आला की चित्र जात होते, हे अक्षरशः खरे होते. चूक पाहण्यात नव्हती; पाहिलेल्याचा अर्थ लावण्यात आम्ही घाई केली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्याचे वडील आले. दारातच उभे राहून, टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "गुरुजी, पोरानं काय मोडलं असंल तर सांगा, हप्त्याहप्त्यानं भरतो." त्या क्षणी आमची मनःस्थिती काय झाली हे लिहिण्याची आवश्यकता नाही. इतकेच सांगतो की त्यांस बसावयास दिले, पैशाचे नाव काढू नका असे सांगितले, आणि ते गेल्यावर प्रथमच हा प्रश्न स्वतःस विचारला: त्याने खरोखर काय केले असावे की ज्यायोगे हीच रेघ दिसेल? आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नसताना आम्ही शिक्षा दिली होती.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर आहोत व इतिहास शिकवितो. विजेची तार पाहिली की हात मागे घेणाऱ्यांपैकी आहोत. तथापि पुरावा म्हणजे काय हे इतिहासाच्या शिक्षकास सांगावे लागू नये. म्हणून आठवीतील मुलींच्या साहाय्याने एक वही केली. संच रोज ठरलेल्या वेळी लावावयाचा, कोणी काही दुरुस्त करावयाचे नाही, मागची फळी उघडावयाची नाही. फक्त चित्र गेले की लिहावयाचे: घड्याळातील वेळ, संच सुरू होऊन किती मिनिटे झाली, काय दिसले, किती वेळ दिसले, जवळ कोण होते. तो मुलगाही या कामास यावा म्हणून त्यास निरोप पाठविला. तो आला, पण खोलीच्या दारापाशीच बसला.

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे, नाही तर वहीचा उपयोग कळणार नाही. जुन्या संचातील चित्र एकदम उमटत नाही. ते रेघांनी विणलेले असते. काचेच्या चित्रनळीच्या मानेत एक सूक्ष्म किरण निघतो आणि मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांतील प्रवाह त्यास इकडून तिकडे व वरून खाली ओढतो. आपल्या देशातील पद्धतीत एका चित्रास ६२५ रेघा आणि सेकंदास २५ चित्रे. म्हणजे आडवी ओढ सेकंदास १५,६२५ वेळा, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येत असल्यामुळे उभी ओढ सेकंदास ५० वेळा. मागावरील धोटा आडवा पळतो आणि कापड खाली गुंडाळत जाते, तसलाच हा प्रकार. आता धोटा पळत राहिला आणि कापड सरकणे थांबले तर काय होईल? सारे सूत एकाच जागी बसेल. आमच्या पडद्यावरील पांढरी रेघ ती हीच. आडवी ओढ चालू होती, आवाज चालू होता, वीज चालू होती. केवळ उभी ओढ तेवढी क्षणभर तुटत होती. म्हणजे पडद्यावर जे दिसते ते नुसते 'बिघडले' एवढेच सांगत नाही, कोणत्या खोलीत बिघडले तेही सांगते. चित्र वरून खाली लोळू लागले तर उभ्या ओढीचा ताल चुकला. तिरप्या पट्ट्या पडल्या तर आडव्या ओढीचा. मुंग्या आल्या तर दोष बहुधा संचाबाहेर, अँटिनाच्या तारेत अथवा जोडात. एकामागे एक अशी दोन चित्रे दिसली तर डोंगरावरून वा इमारतीवरून परतलेली लहर थोडी उशिरा पोहोचते आहे. चारी बाजूंनी चित्र लहान झाले तर विजेचा दाब पाहावा. हे सारे एखाद्या शाळकरी मुलास अर्ध्या तासात शिकविता येते; इतके सोपे असून ते आम्ही कधी शिकविले नव्हते.

असो. बारा दिवसांत सोळा नोंदी झाल्या. त्यांपैकी अकरा नोंदींत तो मुलगा जवळ होता, कारण सेट टॉप बॉक्स चालविणे त्याच्याकडे पुन्हा सोपविले होते. पाच नोंदींत तो नव्हता. एकदा शिपाई मामा झाडू मारीत होते, दोनदा मुख्याध्यापक पाहुण्यांसह उभे होते, दोनदा नोंद करणाऱ्या मुलीच जवळ होत्या. एवढ्यानेच आमचा आरोप ढासळला होता. परंतु दोष अद्याप सापडला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची दिसली. सुरू केल्यापासूनच्या पहिल्या वीस मिनिटांत चित्र एकदाही गेले नव्हते. एके दिवशी मधेच वीज गेली व पाऊण तासाने आली. त्या दिवशी पुन्हा वीस मिनिटे निर्वेध गेली आणि मग रेघ आली. संच थंड असता दोष झोपतो व तापला की जागा होतो, हे स्पष्ट झाले. मिस्त्री लोकांसमोर संच शहाणा का होतो, याचेही उत्तर बहुतेक वेळा हेच असते: ते येतात तेव्हा संच थंड असतो, आणि त्यांना दुसरीकडे जावयाचे असते.

पण तापूनही चित्र सतत का जात नाही? येथे आम्ही अडलो. ती अडचण एका आठवीतील मुलीने सोडविली, आणि तिच्या बोलण्यात आम्हास दिलेला धडा तिच्या ध्यानीही नसावा. ती म्हणाली, "सर, कोण होतं ते आपण लिहितो, पण कुठं उभं होतं ते लिहीतच नाही की." आम्ही वहीत आणखी एक रकाना आखला. तीन दिवसांत कळले की चित्र जाते तेव्हा कोणीतरी मेजाच्या डाव्या पायाजवळील फरशीवर उभा असतो. आमच्या शाळेत, या भागातील बहुतेक घरांप्रमाणे, शहाबादी फरशी आहे. त्यांतील ती एक फरशी खालून पोकळ झाली होती. तिच्यावर पाय पडला की मेजाचा पाय केसभर खाली जाई आणि संच हलके डुले. सेट टॉप बॉक्स त्याच बाजूस ठेवला असल्यामुळे तो बिचारा मुलगा दर वेळी त्याच फरशीवर उभा राही. उष्णता आणि हादरा अशी दोन कारणे एकत्र आली की दोष उघडा पडे. एकट्या कारणाने काहीच होत नसे. सकाळी थंड संचावर आम्ही स्वतः चार थापा मारून पाहिल्या होत्या व "हलविल्याने काही होत नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे झालो होतो. तो निष्कर्ष अर्धा होता.

थापेचा विषय निघालाच आहे तर आमचे मत स्पष्ट सांगतो. संचास थापा मारण्याची आपल्या घरोघरी असलेली पद्धत निखालस वाईट आहे. थापेने चित्र येते, हे खरे; पण ज्या सैल गाठीमुळे ते गेले तीच गाठ प्रत्येक थापेने अधिक सैल होते. शिवाय थापेमुळे दोष लपतो, आणि लपलेला दोष शोधणे दिसणाऱ्या दोषापेक्षा दसपट कठीण. जाणता मिस्त्रीही ठोकतो, नाही असे नाही. पण तो लाकडी मुठीने किंवा प्लास्टिकच्या काडीने, एकेका भागावर, अगदी हलके टिचकी मारतो आणि पडद्याकडे पाहत राहतो. त्याचे ठोकणे हा प्रश्न असतो, आपले ठोकणे ही शिक्षा असते.

वही घेऊन आम्ही आळंदच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी संच पाहण्याआधी वही वाचली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "सर, चाळीस वर्षांत गिऱ्हाईक पहिल्यांदा लिहून आणतंय. आता उघडायला अर्धा तास पुरे." ते शाळेत आले. प्रथम त्यांनी संच अर्धा तास तापू दिला, कोणालाही फरशीवर उभे केले नाही. स्वतः उभे राहून रेघ पाहिली व प्रकाशाचे बटण कमी केले. कारण एकाच रेघेवर सारा किरण पडत राहिला तर पडद्याचा लेप तेथे कायमचा जळतो. मग वीज काढली, नळीत साठलेली वीज रीतसर उतरविली आणि मुलांना चार पावले मागे घेऊन मागची फळी काढली. याविषयी पालकांनी कृपया लक्ष द्यावे. चित्रनळीस दहा हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि वीज काढल्यावरही ती काही काळ नळीत राहते. जुन्या संचाची मागची फळी उघडणे हे मुलांचे काम नव्हे, आमच्यासारख्या हौशी माणसांचेही नव्हे. वही लिहिणे हे आपले काम. उघडणे त्याचे, ज्याने ते शिकले आहे.

दोष जेथे सापडेल अशी अपेक्षा होती तेथेच सापडला. उभ्या ओढीच्या भागातून वेटोळ्याकडे जाणाऱ्या तारांचा जेथे जोड आहे, तेथील एका पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग होती. नुसत्या डोळ्यांनी आम्हास ती दिसली नाही. भूगोलाच्या गुरुजींचे नकाशा वाचण्याचे भिंग आणविले तेव्हा दिसली. पिनेभोवती जणू कोणी सुईने वर्तुळ काढावे तशी. मिस्त्री यास 'ड्राय सोल्डर' म्हणतात. रोज संच तापतो व निवतो. पिनेचा धातू आणि सोल्डर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. वर्षानुवर्षे ही ओढाताण झाली की गाठ सुटते, पण पुरती सुटत नाही. थंड असता दोन्ही कडा एकमेकींस चिकटून असतात. तापल्यावर त्या सुटण्याच्या बेतात येतात आणि जरा हादरा बसला की सुटतात. जुना सोल्डर काढून, पिन घासून, नवा डाख द्यावयास त्यांना दहा मिनिटेही लागली नाहीत. भांड्याला डाख देणारे पूर्वी गल्लीत येत, त्यांची आम्हास आठवण झाली. धातू स्वच्छ केल्यावाचून डाख धरीत नाही हे तेही सांगत. तेवढ्यात मिस्त्रींनी इतर अवजड भागांच्या पिनाही पाहून घेतल्या, आणि दोन सुकलेले कंडेन्सर बदलले. सुकलेल्या कंडेन्सरची लक्षणेही अशीच येणारी-जाणारी असतात, फक्त बहुधा उलटी: संच थंड असता चित्र वरून आखूड दिसते आणि तापल्यावर सुधारते.

आता आमच्या एका सहकाऱ्यांचा आक्षेप. ते म्हणतात, ज्या संचासाठी आकाशात प्रक्षेपणच उरले नाही, त्याच्या दुरुस्तीत पंधरा दिवस घालविण्यात काय शहाणपण? या किमतीत मुलांना दुसरे काही देता आले असते. आक्षेप वजनदार आहे आणि त्यांचा हेतू चांगला आहे. आमचे उत्तर असे की, नव्या सपाट पडद्यात बिघाड झाला तर बहुधा आख्खी पाटी बदलतात. पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जुन्या संचात कारण आणि परिणाम यांतील वाट डोळ्यांना दिसते. रेघ दिसली, म्हणून उभी ओढ. तापल्यावर दिसली, म्हणून गाठ. हादऱ्याने दिसली, म्हणून सैल गाठ. अशी उघडी वाट दाखविणारे दुसरे साधन आमच्या शाळेत नाही. आणि येता-वता दोष काही केवळ दूरदर्शन संचाचा नव्हे. शिवारातील मोटारीचा स्टार्टर कधी उचलतो कधी पडतो, भ्रमणध्वनीचा चार्जर तार वाकवून धरली तरच चालतो, दुचाकी सकाळी सुरू होते व दुपारच्या उन्हात अडते. प्रत्येक ठिकाणी शेतकरी अंदाजाने एकेक भाग बदलीत जातो आणि तीन भागांचे पैसे देऊन चौथ्याशी येतो. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्यालाच हा अंदाज अधिक महाग पडतो. वहीला फक्त पेन्सिल लागते.

दुसराही एक विचार आहे. शाळेने संच ठेवला नसता तर तो भंगारवाल्याकडे गेला असता. तेथे वेटोळ्यातील तांब्यासाठी नळीची मान फोडतात. त्या काचेत शिसे असते, आणि फुटलेली काच गावाबाहेरच्या ओढ्याकाठी पडते, हे आम्ही पाहिले आहे. विजेवरच्या टाकाऊ वस्तूंविषयी शासनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, परंतु नियम खेड्याच्या उकिरड्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. तोवर चालणारा संच चालता ठेवणे बरे. सर्वच जुने संच दुरुस्त करावेत असे मात्र आमचे म्हणणे नाही. चित्रनळीच क्षीण झाली असेल तर दुरुस्ती हा पैशाचा अपव्यय आहे, आणि मिस्त्रींनी तसे सांगितले असता हट्ट धरू नये.

म्हणून शाळेच्या समितीपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे. कोठाराच्या खोलीत एक मेज, एक भिंग, एक स्टॅबिलायझर आणि एक जाड वही असावी. महिन्यातून एकदा आळंदच्या त्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे. आणि गावकऱ्यांनी आपल्या येता-वता वस्तू तेथे आणाव्यात. मुलांनी त्यांची नोंद करावी, उघडण्याचे काम मिस्त्रींनी करावे. खर्च फार नाही. कलाशाखेच्या शिक्षकांनी या मेजापासून दूर राहू नये, अशीही आमची विनंती आहे. नोंद कशी घ्यावी हे विज्ञानाच्या शिक्षकांइतकेच आम्हासही शिकवावयाचे आहे.

राहिली आमच्या चुकीची गोष्ट. सर्वांदेखत रागावलो होतो, म्हणून क्षमाही सर्वांदेखत मागावी असे ठरविले. प्रार्थनेनंतर वही वाचून दाखविली, फरशीची हकीकत सांगितली आणि त्याचे नाव घेऊन म्हणालो की दोष याचा नव्हता. मुले हसली, टाळ्या वाजविल्या. तो हसला नाही. शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील शेतातून आले नव्हते. आईने ओसरीवर घोंगडी टाकली आणि ताक दिले. आम्ही त्यास पुन्हा काम सांभाळ असे म्हणालो. तो बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, "सर, ती फरशी अजून तशीच आहे. दुसरं काही ठेवलं तरी हलंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ती फरशी काढली, खाली चुनखडी व वाळू भरली आणि पाणसळ लावून पुन्हा बसविली. संच आता त्याच जागी आहे. वहीची जबाबदारी त्याच्याकडे आहे. पहिल्या पानावर त्याने रकाने स्वतः आखले आहेत, आणि 'जवळ कोण होते' हा रकाना त्यात ठेवलेला नाही.